चाकं वीस मिलिमीटर बाहेर

२ फेब्रुवारी, रविवार

स्पेसर आले. चार नग. आता गाडीची चाकं दोन्ही बाजूंनी वीस-वीस मिलिमीटर बाहेर येणार.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तरी नोंद स्पष्ट असावी म्हणून लिहितो. स्पेसर म्हणजे ॲल्युमिनियमची जाड चकती. चाक आणि हब यांच्या मध्ये बसते. चाक बाहेर सरकतं, गाडी रुंद दिसते, रस्त्याला धरून चालते. दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायची आणि तिची चाकं मडगार्डच्या आत लपवून ठेवायची, म्हणजे सूट शिवून वर रेनकोट घालून फिरण्यासारखं आहे.

हबला मराठीत तुंबा म्हणतात. मेहुण्याला माहीत नव्हतं. स्वतःचं चाकांचं दुकान आहे त्याचं, बॅलन्सिंग-अलाइनमेंटचं, आणि त्याला तुंबा माहीत नाही. मी एकही इयत्ता इंजिनिअरिंगची न शिकता इथवर आलो. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. (आज दोनदा दाखवलं. विषय निघाला म्हणून.)

मापं घेतली. व्हर्निअरने, तीनदा, सरासरी काढून.
गाडीचा तुंबा : ६६.६.
स्पेसरचं मधलं भोक : ७२.६.
फरक सहा मिलिमीटर. छान. हवा खेळती राहील, ब्रेक थंड राहतील. बनवणाऱ्याने विचार केलेला दिसतो.

खोक्यात शिवाय चार प्लॅस्टिकच्या रिंगा निघाल्या. पॅकिंग. आतून ६६.६, बाहेरून ७२.६. पॅकिंगचंही माप घेणारा माणूस शोधून सापडणार नाही. माहितीपत्रक चार भाषांत होतं. बोल्ट घट्ट करा एवढंच सांगायचं, त्याला चार भाषा! वाचलं नाही.

रिंगा टाकवेनात. हिला दिल्या. घरात कामाला येतील.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आल्या की कामाला. हिने एक रिंग फुलदाणीखाली ठेवली, एक साखरेच्या बरणीखाली, आणि दोन आमच्या दोघांच्या कपांखाली.

हिचा निळा कप गेली कित्येक वर्षं टेबलावर डुगडुगायचा. मी दोनदा त्याचं बूड कानसीने घासलं. त्यानंतर जास्तच डुगडुगायला लागला (मातीचा दोष). आता रिंगेत असा बसलाय की हलायचं नाव नाही. उत्सुकतेपोटी बुडाचं माप घेतलं. ६६.५. म्हणजे एका दशांशाचा खेळ. याला म्हणतात फिटिंग! हिला समजावून सांगितलं की वस्तू नीट मध्यावर बसली की थरथरत नाही, हे यंत्रशास्त्राचं मूळ आहे. ही म्हणाली, चहा गार होतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्पेसर बसवले. एकट्याने. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, टॉर्क पान्याने, टक् आवाज येईपर्यंत. नंतर खात्रीसाठी पान्यावर उभा राहिलो.

एक किरकोळ अडचण. गॅरेजमध्ये गाडी दरवेळी नेमकी एकाच जागी उभी राहावी म्हणून मी गेल्या वर्षी जमिनीवर सिमेंटच्या दोन लांब पट्ट्या ओतल्या होत्या. चाकं त्यांच्या मधून जातात. चाक आणि पट्टी यांच्यात दोन्ही बाजूंना पंधरा मिलिमीटर जागा ठेवली होती. मेहुणा तेव्हा म्हणाला होता, भावजी, जरा सैल ठेवा. म्हटलं, सैल ठेवायला मापं कशाला लागतात?

आज चाकं वीसने बाहेर आली. जॅक खाली घेतला तर गाडी पट्ट्यांच्या मध्ये उतरली नाही, पट्ट्यांच्या कडांवर बसली. वजाबाकी सोपी होती. पण मी बेरजेच्या मूडमध्ये होतो.

रेटून बाहेर काढली. टायर असे किंचाळले की समोरचे वकील गच्चीत आले. हात केला. त्यांनी नाही केला.

तूर्त गाडी रस्त्यावर, झाडाखाली. दिसते मात्र काय! मागून पाहिलं तर पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी.

९ फेब्रुवारी, रविवार

हिला घेऊन हायवेवर. पहिली मोठी फेरी.

७८ पर्यंत लोणी. ८० ला स्टिअरिंगमध्ये बारीक कंप. ८६ ला तो कोपरापर्यंत आला. ९० ला हिचा चष्मा नाकावरून घसरून ओठांवर. हिने विचारलं, हे काय होतंय? म्हटलं, रोड फील. स्पोर्ट्स कारला रस्ता जाणवला पाहिजे. ही म्हणाली, मला रस्ता दातांत जाणवतोय.

मध्येच हिने पर्समधून कसलासा कागद काढला आणि मला काहीतरी वाचून दाखवायला लागली. पण अक्षरं इतकी हलत होती की तिलाच वाचता येईना. दोनदा सुरुवात केली, मग घडी घालून ठेवून दिला.

उपयुक्त निरीक्षण : कंपाची तीव्रता कागदावर मोजता येते. पुढच्या वेळी आलेखाचा कागद न्यावा.

१० फेब्रुवारी, सोमवार

तो कागद म्हणजे हिची बढती. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शाखेची प्रमुख. शाखा समुद्रकाठच्या गावात, इथून १९० किलोमीटर. ३ मार्चला हजर व्हायचं. तिथे वर दोन खोल्या राहायला.

हे मला आज मेहुण्याकडून कळलं. घरी येऊन म्हटलं, मला सांगायचं तरी. ही म्हणाली, काल ऐंशीच्या पुढे सांगत होते.

अभिनंदन केलं. बढती चांगलीच आहे. माझी नोकरी इथे, त्यामुळे मी इथेच. आठवड्याला कोण कुठे येणार-जाणार ते बघू. ही म्हणाली, पहिल्या दिवशी सोडायला याल ना? म्हटलं, हा काय प्रश्न झाला? आपल्या गाडीतून जाणार. १९० पैकी १४० हायवे. टेस्टिंगला याहून चांगला रस्ता नाही.

ही आत गेली. बहुतेक खूश असावी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संकल्प : २ मार्चच्या आत थरथर शून्यावर आणणे. हिला सांगितलं. ही म्हणाली, स्पेसर काढून टाका, शून्यावर येईल. ही मानसिकता. पाय दुखतो म्हणून पाय काढायचा!

संशयित : रस्ता. गेल्या पावसानंतर हायवे लाटालाटांचा झाला आहे. बाकीच्या गाड्यांना तो जाणवत नाही, कारण त्यांना काहीच जाणवत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रस्ता निर्दोष निघाला. त्याच रस्त्यावरून ऑफिसच्या साहेबांच्या गाडीतून आलो. त्यांनी ९५ ला एका हाताने सफरचंद खाल्लं.

म्हणून मेहुण्याच्या दुकानात गेलो. मदत मागायला नाही, मशीन वापरायला. त्याने चारही चाकं काढून मशीनवर फिरवली. बॅलन्सिंग शून्य. अलाइनमेंट शून्य. टायर गोल. तो डोकं खाजवत राहिला. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी, इतकी वर्षं धंद्यात असून.

मग कॉम्प्रेसरच्या आवाजात त्याने विचारलं, भावजी, सेंटरिंग केलंय ना नीट?

सेंटरिंग म्हणजे सिमेंट ओतण्यासाठी बांधायचा फळ्यांचा साचा. त्याला माझ्या गॅरेजमधल्या पट्ट्यांची इतकी आस्था असेल असं वाटलं नव्हतं. ओरडून सांगितलं, स्वतः केलंय सेंटरिंग! कारखान्यातल्या रिजेक्ट दारांच्या फळ्या लावून! सूतभर इकडचं तिकडे नाही!

त्याला फळ्यांचं ऐकू गेलं नसावं. तो ओरडला, तुम्ही स्वतः केलंय म्हणजे प्रश्नच मिटला! सेंटरिंग नीट असेल तर थरथर यायलाच नको!

सिमेंटच्या पट्ट्यांचा आणि थरथरीचा संबंध काय, हे त्यालाच माहीत. पण कौतुक केलं ते खरं. घरी येऊन हिला सांगितलं की तुझा भाऊ माझ्या सेंटरिंगवर खूश आहे. ही कपाटातून साड्या काढत होती. म्हणाली, बरं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर गडबड. आमचा दारं-खिडक्यांचा कारखाना. तयार मालाची मापं तपासणं हे माझं काम. माझ्या हाताखालून गेलेलं दार जगात कुठेही लावा, घासणार नाही. पोरं मला पाठीमागे मिलिमीटर म्हणतात. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

सकाळी गाडीने आलो. त्यानंतर तासभर हातात मुंग्या. व्हर्निअरचे दोन्ही जबडे दाराच्या कडेवर टकटक वाजत होते. तशातच एक दार पास केलं. दुपारी सुपरवायझर ते घेऊन आला. चार मिलिमीटर तिरकं. सगळ्यांसमोर म्हणाला, मिलिमीटर, आज सुट्टीवर होता का? म्हणजे तोंडावरही म्हणतात आता.

कारणांची साखळी : दार → हात → गाडी → (?). इथेच साखळी तुटते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

महत्त्वाचा शोध. थरथर ८० ला सुरू होते आणि ११२ ला थांबते! म्हणजे हा फक्त एक पट्टा आहे. ८० च्या खाली राहावं, नाहीतर ११२ च्या वर जावं.

रस्त्यावर वेगाची मर्यादा ८०.

म्हणजे मी ७८ मध्ये अडकलो. इंजिन १८० चं, गाडी ७८ ची. आज एक टँकर पुढे गेला, मग शाळेची बस (मुलांनी मागच्या काचेतून टाटा केलं), मग शववाहिका. तिच्या ड्रायव्हरने आधी हॉर्न दिला, नंतर हाताने विचारलं, काही मदत हवी का?

संकल्प बदलला : यापुढे तत्त्व म्हणून ७८. घाई ही अडाणी माणसाची गरज.

२३ फेब्रुवारी, रविवार

हिचं सामान बांधणं सुरू. पुस्तकं, पुस्तकं, पुस्तकं. जिथे ग्रंथालय आहे तिथे पुस्तकं कशाला न्यायची, असं विचारलं. हिने आणखी एक खोकं भरायला घेतलं.

संध्याकाळी ही म्हणाली, अहो, आपण दोघं बसने जाऊ या का? खिडकीशी बसू. वाटेत बोलू. मी म्हटलं, घरात स्पोर्ट्स कार असताना बस? लोक काय म्हणतील? ही म्हणाली, कुठले लोक? म्हटलं, वकील.

शेवटी तह झाला. हिच्या हातात भरलेला चहाचा कप असताना मी ९० ने गाडी चालवायची. सांडला नाही तर गाडीने, सांडला तर बसने.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चाचणी झाली. निकालाबाबत मतभेद आहेत.

८४ ला थोडा चहा हिच्या मांडीवर गेला, ८८ ला उरलेला डॅशबोर्डवर. माझा मुद्दा असा की चहा सांडू शकतो, पण त्याने दरवेळी थरथर सिद्ध होत नाही. हात सैल धरला असण्याची शक्यता आहे. हिने माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. खूप दिवसांनी अशी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, बरं चला, ७५ ने न्या. पण न्या तुम्हीच. मला तुमच्याबरोबर जायचंय.

म्हणजे गाडीवर विश्वास बसला.

घरी आल्यावर हिने डॅशबोर्ड पुसला, नवीन चहा केला. निळा कप रिंगेत ठेवला. तो अर्थातच हलला नाही. टेबल उभं आहे, त्यात काय मोठंसं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ही संध्याकाळी समोर येऊन बसली. म्हणाली, तुम्हाला मला काही विचारायचं नाही का?

विचार केला. विचारलं, सगळ्या बॅगांचं मिळून वजन किती होईल?

हिने शेजारच्या बॅगेची चेन ओढून लावली. मग म्हणाली, सत्तर किलो. आकडा गोल आहे, म्हणजे अंदाजे सांगितला. रात्री आवराआवर झाली की एकेक बॅग काट्यावर ठेवून बघणार.

१ मार्च, शनिवार

उद्याची योजना पक्की. सकाळी आठला प्रस्थान. वजन दोन्ही बाजूंना सारखं पडलं पाहिजे, म्हणजे थरथर आणखी कमी होईल. त्यासाठी सामान पूर्ण सपाट जागेवरच भरायला हवं. रस्ता उतरता आहे. या भागात पाणसळ लावून केलेली एकच जमीन आहे : माझ्या गॅरेजची.

म्हणजे गाडी आत घ्यावी लागेल. पट्ट्या आहेत, मान्य. पण टायरमध्ये हवा वाढवली की टायरचं पोट आत जातं. एका बाजूला तीन-चार मिलिमीटर सहज सुटतील. शिवाय सावकाश घेणार.

हिने मेहुण्याला फोन करून ठेवला आहे, सकाळी व्हॅन घेऊन ये म्हणून. निरोप द्यायला येतोय, असं म्हणाली. व्हॅन कशाला लागते निरोपाला?

२ मार्च, रविवार. सकाळी ६.५०

गाडीत बसून लिहितोय. वही ग्लव्हबॉक्समध्ये होती, हे बरं झालं.

गाडी आत आली. पुढची चाकं पट्ट्यांच्या मध्ये शिरली, मग उजवीकडे सरकली, मग अडकली. मागे घेतली, तर मागची अडकली. आता ती तिरकी, दोन पट्ट्यांमध्ये पाचर मारल्यासारखी आहे. पुढे जात नाही, मागे जात नाही.

माझ्या बाजूचं दार भिंतीला अकरा सेंटिमीटर उघडतं. पलीकडचं फडताळाला तेरा. फडताळ मी दाराच्या मापाने लावलं होतं. सरळ उभ्या गाडीच्या दाराच्या.

काच खाली होते. खिडकीतून बाहेर पडता येईल, पण ती खिडकी माझ्या मापाची नाही.

७.१०

ही आली. काय झालं विचारलं. म्हटलं, ट्रायल घेतोय. ही बाहेरून अंदाज घेत उभी राहिली. मग आत गेली आणि माझ्या कपात चहा घेऊन आली. रिंगेसकट, कारण डॅशबोर्ड उतरता आहे. फटीतून आत दिला. म्हणाली, मी सामान बाहेर काढू का तोवर? म्हटलं, नको, पाच मिनिटं.

कप डॅशबोर्डवर नीट उभा आहे. इंजिन चालू करून पुन्हा रेटलं. गाडी जागची हलली नाही. कपही नाही.

७.४०

पाच मिनिटं झालेली नाहीत अजून, माझ्या हिशेबाने.

८.०५

मेहुणा आला. गॅरेजच्या दारात उभा राहून त्याने आधी दोन्ही पट्ट्या पाहिल्या. मग वाकून खिडकीतून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

म्हणाला, भावजी, चहाखाली ते काय आहे?

म्हटलं, पॅकिंग.

म्हणाला, बाकीच्या तीन कुठायत?

म्हटलं, घरात. का?

तो गॅरेजच्या पायरीवर बसला. डोकं दोन्ही हातांत. अहो भावजी, सेंटरिंग, सेंटरिंग म्हणून मी काय विचारत होतो! ही रिंग म्हणजे सेंटरिंग! ही हबवर बसते, तिच्यावर स्पेसर बसतो, मग चाक मध्यावर येतं! रिंग नसेल तर स्पेसर नुसता बोल्टवर लटकतो, वाकडा फिरतो! महिनाभर तुम्ही चहाला बॅलन्सिंग करताय आणि गाडी डुगडुगतेय!

ही दारात उभी होती. हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

मी म्हटलं, पार्ट आणि पॅकिंग यांतला फरक तुला दुकानात बसून कळायचा नाही. त्याने वाद घातला नाही. जॅक आणायला निघाला, स्पेसर काढतो, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे म्हणाला. म्हटलं, हात लावायचा नाही. काढणं म्हणजे मागे जाणं. मी रिंगा तपासेन, मग ठरवेन.

ही म्हणाली, अहो, मला उद्या सकाळी हजर व्हायचंय.

९.३०

दोघांनी मला खिडकीतून ओढून काढलं. शर्टाची दोन बटणं आणि डावा बूट आत राहिला.

सामान व्हॅनमध्ये गेलं. दोन्ही बाजूंना सारखं नाही, कसंही. पुढच्या सीटवर ही बसली. मागच्या सीटवर पुस्तकांच्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा होती. ही काच खाली करून म्हणाली, चला ना तुम्हीपण. संध्याकाळी हा आणून सोडेल.

मी एका बुटावर उभा होतो. वकील गच्चीत होते. म्हटलं, गाडीजवळ कोणीतरी थांबायला हवं.

ही म्हणाली, बरं.

व्हॅन वळणावर गेली. एवढी जुनी व्हॅन, पण स्टिअरिंग अजिबात हलत नव्हतं. मेहुण्याचे हात चाकावर नुसते ठेवलेले होते.

३ मार्च, सोमवार

रजा घेतली होती, ती वापरली. रिंगेचं माप घेतलं. आतून ६६.६, बाहेरून ७२.६. तुंबा ६६.६. भोक ७२.६. मागची पानं उलटून पाहिली. चारही आकडे होते, एकाखाली एक, माझ्याच अक्षरात. सुवाच्य.

मेहुण्याने अंदाजाने सांगितलं आणि योगायोगाने बरोबर निघालं. असं होतं कधी कधी.

उपाय सोपा आहे. चार रिंगा बसवणे, पट्ट्या फोडणे, गाडी बाहेर काढणे. लगेच कामाला लागलो. डॅशबोर्डवरून एक रिंग काढली (हात घालून). फुलदाणीखालची दुसरी. साखरेच्या बरणीखालची तिसरी.

चौथी हिच्या निळ्या कपाखाली.

स्वयंपाकघरातल्या फडताळात निळा कप नाही. मोरीत नाही. टेबलावर जिथे असायचा तिथे एक गोल ओरखडा आहे. व्यास ७२.६.

कप गेला. रिंगेसकट गेला.

घर फार शांत आहे. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो, हे कधी ऐकू आलं नव्हतं.

५ मार्च, बुधवार

हिचा फोन. शाखा चांगली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. खोलीचं दार लागत नाही, खाली घासतं. टेबल एका पायाने आखूड आहे. म्हणाली, पण कप डुगडुगत नाही हं इथेही.

मी विचारलं, रिंग नीट आहे ना? ही म्हणाली, हो, नीट आहे.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ही स्वतः नीट आहे ना, हे विचारायचं राहिलं.

७ मार्च, शुक्रवार

निर्णय : शनिवारी बसने जाऊन रिंग आणणे. गाडीसाठी आवश्यक आहे. बाकी काही कारण नाही.

मेहुण्याचा फोन आला. हिने (म्हणजे त्याच्या ताईने) सांगितलं असणार. म्हणाला, भावजी, अशा रिंगा माझ्याकडे डबाभर पडल्यात, पाहिजे त्या मापाच्या. रिक्षाने पाठवू? म्हटलं, सेट मोडता कामा नये. मूळचीच लागते.

तो म्हणाला, हो, हो, मूळचीच. आणि फोनवर हसायला लागला. त्याला हसू कशाचंही येतं.

जाताना रंधा बरोबर घेतोय. दार घासतं म्हणाली होती.

८ मार्च, शनिवार

पोचलो. दाराची मापं घेतली. खालून पाच मिलिमीटर जास्त, तपासनीस झोपला होता की काय कोण जाणे. (१८ फेब्रुवारीचा विषय इथे काढत नाही.) रंधा मारला. आता एका बोटाने लागतं. हिने तीनदा लावून-उघडून पाहिलं.

चहा झाला. हिचा निळा कप, रिंगेत. मला पाहुण्यांसाठीचा, नुसता. टेबल डुगडुगत होतं, माझा कप सरकत होता. आम्ही बराच वेळ खिडकीशी बसलो. ही ग्रंथालयाबद्दल सांगत होती. सगळं नीट ऐकू आलं.

मग म्हटलं, या गावात दारा-खिडक्यांचा वगैरे कारखाना आहे का? सहज विचारलं.

ही म्हणाली, एक आहे. खाडीपलीकडे. मापं तपासायला माणूस आहे की नाही, ते माहीत नाही. मी उद्या विचारून बघू?

म्हटलं, सहज विचारलं.

ही उठली आणि तिने दोन्ही कप परत भरले.

९ मार्च, रविवार

परतीची बस. शेवटची सीट. ही बस सगळ्या वेगांना सारखीच थरथरते. पट्टा-बिट्टा काही नाही. प्रामाणिक गाडी.

अक्षर हललंय, ते त्यामुळे.

आता खिसे तपासले. शर्टाचे, पँटचे. पिशवी उपसली. रंधा आहे. व्हर्निअर आहे. रिंग नाही.

टेबलावरच राहिली, कपाखाली. निघताना कप भरलेला होता, उचलता आली नाही.

म्हणजे पुढच्या शनिवारी पुन्हा जावं लागणार. तांत्रिक कारण. निघताना ही म्हणाली की पाहुण्यांच्या कपात किती दिवस पिणार, येताना तुमचा घेऊन या. तो नेईन. तिथलं टेबल आखूड आहे, त्यामुळे रिंगेसकट न्यावा लागेल.

मग इथे उरतील दोन. गाडीला चार लागतात.

बघू.